स्मृती-ताक अभियान: पहिले तीन मंगळवार

माणूस कधी गेला हे डॉक्टर ठरवतात. तो गेल्याचं लोकांना कधी कळलं हे हल्ली ग्रुपचा अ‍ॅडमिन ठरवतो, आणि समाजात ही दुसरी वेळच खरी धरतात.

माझी पत्नी चंद्रप्रभा मार्चमधल्या एका बुधवारी सकाळी सहा चाळीसला गेली. कॉलनीला ते सव्वानऊला कळलं. आमच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनने बातमी टाकायची, बाकीच्यांनी खाली उत्तर द्यायचं असा नियम आहे, आणि अ‍ॅडमिन नरेंद्रजी श्रीवास्तव सकाळी फिरायला जाताना फोन घरी ठेवतात. (डॉक्टरांनी डोळ्यांना विश्रांती सांगितली आहे.) मधले दोन तास पस्तीस मिनिटं ती फक्त माझ्यापुरती गेलेली होती. दूधवाल्याने दारातून विचारलं, "आंटी सो रही हैं?" मी "हाँ" म्हणालो. त्याने आवाज न करता दूध ठेवलं.

सव्वानऊनंतर काम झपाट्याने झालं. दोनशे बारा सभासदांपैकी एकशे एकाहत्तर जणांनी जोडलेले हात पाठवले, तेवीस जणांनी ओम शांती, चौघांनी इंग्रजी तीन अक्षरं, आणि एका गृहस्थांनी मेणबत्त्यांचा केक. (चष्मा सापडत नव्हता. केक नंतर काढून टाकण्यात आला.) उरलेले तेरा बाहेरगावी असावेत.

मी फौजेत अठ्ठावीस वर्षं स्टोअरमध्ये काढली. अर्जाची चौथी प्रत हातात आल्याशिवाय मी कुणाला मोजेसुद्धा दिले नाहीत. तेव्हा पद्धतशीर कामाबद्दल मला आदर आहे आणि पुढे जे लिहितो आहे ते त्याच आदराने. निवृत्तीनंतर आम्ही लखनऊ छावणीच्या मागे घर घेतलं. साताऱ्याला परत जायचं असं दर दिवाळीला ठरायचं.

लखनऊमध्ये ज्येष्ठातल्या मंगळवारांना बडा मंगल म्हणतात. त्या दिवशी सगळं शहर सगळ्या शहराला जेवायला घालतं. पुरी, बटाट्याची भाजी, बुंदी, सरबत. आमच्या कॉलनीपासून मोठ्या चौकापर्यंत एक किलोमीटरात गेल्या वर्षी चौदा भंडारे होते. त्या दिवशी माणूस कुठेही उपाशी राहत नाही, फक्त कुठेही पोहोचत नाही.

चंद्रप्रभाने बारा वर्षं या मंगळवारांना गेटबाहेर टेबल टाकून ताक वाटलं. तिचं म्हणणं असं की चौदा ठिकाणी पुऱ्या खाल्लेल्या माणसाला पंधरावी पुरी देणं हे दान नव्हे, मारहाण आहे. आलं, जिरं, कोथिंबीर, मीठ घातलेलं ताक. एक स्टीलचं पिंप, चाळीस ग्लास, धुवायला एक बादली. बॅनर नव्हता. फोटो एकही नाही. आज मागे वळून पाहिलं तर एवढं काम पुराव्याशिवाय झालं याची काळजी वाटते.

मी त्या वेळी घरात पंख्याखाली असायचो. ऊन फार असतं.

यंदा मे महिन्यात नरेंद्रजी घरी आले. लखनऊचे जुने सज्जन, बूट काढतानाही परवानगी घेतात. म्हणाले, "हनमंत भाई साहब, भाभीजी का काम रुकना नहीं चाहिए। आप इजाज़त दें तो हम इसे ज़रा ढंग से उठाएँ।"

मी इजाजत दिली. मला ते खरोखर हवं होतं. ती गेली त्याला इलाज नव्हता, पण ताक चालू राहिलं असतं तर गेटबाहेर निदान तिची जागा तरी राहिली असती.

त्याच आठवड्यात अभियान स्थापन झालं. विभाग पाच: फोटो, रील, मजकूर, हॅशटॅग आणि ताक. पहिल्या चार विभागांत मिळून सव्वीस स्वयंसेवक आले. ताक विभाग आळीपाळीने सांभाळायचा असं ठरलं. (पाळी कुणाची हे ठरलं नाही.) माझी मुलगी उत्कर्षा हिने ब्लॉग उघडून दिला आणि लिहिण्याचं काम घरचा माणूस म्हणून माझ्याकडे आलं.

पहिला मंगळवार. टेबलामागे दहा फुटी बॅनर. त्यावर चंद्रप्रभाचा हार घातलेला फोटो, खाली तारखा. रीलमध्ये एकसारखं दिसावं म्हणून सगळ्यांना पांढरे कपडे सांगितले होते. एका बाजूला फुलं. ताक बाजारातून पाकिटांत आणलं होतं.

रस्त्यावरून जाणाऱ्यांनी हे पाहिलं. लखनऊचा माणूस सभ्य आहे. शोकसभेत कुणी प्यायला मागत नाही. लोक थांबले, त्यांनी हात जोडले, मान खाली घातली आणि तहानलेले पुढे गेले. दोघांनी चपला काढल्या. एक म्हातारे गृहस्थ माझ्याशेजारी बसून म्हणाले, "कैसे हुआ?" मी सांगितलं. ते रडले. ताक विचारल्यावर म्हणाले, "नहीं बेटा, ऐसे मौके पर क्या।"

एकूण अकरा ग्लास गेले. त्यांतले नऊ कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिक म्हणून प्यायले. रील चार हजार तीनशे लोकांनी पाहिली. नरेंद्रजींच्या अहवालात 'लाभार्थी: चार हजार तीनशे अकरा' असं आहे. मला हे पटलं. माणूस ताक पितो एकदाच, पाहू शकतो कितीही वेळा.

दुसऱ्या मंगळवारी सुधारणा झाल्या. हार काढला. ताक घेणाऱ्यासाठी सूचना लावल्या: रांगेत यावे, ग्लास चेहऱ्याच्या डावीकडे धरावा, पिण्यापूर्वी हसावे, प्यायल्यावर एका वाक्यात भावना सांगावी. वाक्य सुचत नसेल तर मजकूर विभागाशी संपर्क साधावा.

इदरीस आला. हा ई-रिक्षा चालवतो आणि बाराही वर्षं ताक प्यायला आहे. त्याच्या हातात ग्लास दिला आणि रील विभागाने त्याला थांबवलं.

"भैया, मुस्कुरा के। हाँ। नहीं, अभी पीना नहीं है।"

इदरीस हसला. उजेड कमी पडला. परत हसला. मागून म्हैस गेली. तिसऱ्या वेळी त्याने चुकून घोट घेतला.

"अरे यार! मूँछ में लग गया। दूसरा गिलास लाओ।"

इदरीस माझ्याकडे वळून म्हणाला, "अंकल, इत्ती देर में तो हम आलमबाग की दो सवारी छोड़ आते। आंटी तो गिलास पकड़ातीं और डाँटतीं, 'जल्दी पी, पीछे लाइन है।'"

"भैया, ये वाला बोलिए ना कैमरे पे!" मजकूर विभाग म्हणाला. "बस 'डाँटतीं' हटा दीजिए।"

त्याने ते वाक्य डाँट काढून चार वेळा म्हटलं. तोवर ताक कोमट झालं होतं. प्यायला मात्र. सवयीचा माणूस आहे.

इकडे ब्लॉगचं काम जोरात होतं. ब्लॉगला एक यंत्र जोडलेलं आहे, ते लेखनाला गुण देतं. माझ्या पहिल्या लेखाला लाल खूण आली. उत्कर्षा म्हणाली, "पप्पा, मम्मी का नाम सिर्फ़ दो बार आया है। कम से कम नौ बार आना चाहिए, तभी तो कोई ढूँढेगा तो मिलेंगी।"

घरात मी तिला नावाने कधी हाक मारली नाही. 'अगं' म्हणायचो, ती यायची. एकतीस वर्षांत जेवढं नाव घेतलं नाही तेवढं त्या दुपारी यंत्रासाठी लिहिलं. चंद्रप्रभा सकाळी उठायची. चंद्रप्रभा आलं किसायची. चंद्रप्रभाला ऊन चालायचं. नवव्या वेळी हिरवी खूण आली. मी बराच वेळ ती खूण बघत बसलो होतो. उत्कर्षाने न विचारता चहा केला.

मग कृतीचं पान करायला घेतलं. एका पिंपाला दही किती, पाणी किती, आलं किती. मला माहीत नव्हतं. उत्कर्षाला माहीत नव्हतं. बारा वर्षं ताक प्यायलेल्यांना विचारलं, त्यांना फक्त चव माहीत होती. त्या पानावर सध्या 'लवकरच येत आहे' असं लिहिलं आहे. आतापर्यंत सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पान तेच आहे.

तिसऱ्या मंगळवारच्या आधी बैठक झाली. दुसऱ्या मंगळवारची चौसष्ट चित्रणं शिल्लक होती, म्हणजे महिनाभर पुरतील इतकी. मग नवीन ताक कशासाठी? ठराव एकमताने झाला: ताक स्थगित, अभियान चालू. मीही हात वर केला. स्टोअरमधला नियमच आहे, शिल्लक माल असताना नवीन मागणी लावायची नाही.

तरी टेबल टाकलं होतं, कारण थेट प्रक्षेपण जाहीर झालं होतं. दुपारी इदरीस आला. टेबलावर गोल दिवा होता, तिवईवर फोन होता. त्याने टेबलाखाली वाकून पाहिलं.

"मट्ठा?"

"इस बार नहीं है," मी म्हणालो.

"तो आप ही बना लेते, अंकल। आंटी अकेले बना लेती थीं।"

"मैं ब्लॉग देखता हूँ," मी म्हणालो.

"अच्छा," तो म्हणाला. लखनऊमध्ये अच्छा पुष्कळ प्रकारे म्हणतात. हा प्रकार मी पहिल्यांदा ऐकला. त्याने गेटजवळच्या नळावर तोंड धुतलं, ओंजळीने पाणी प्यायला आणि रिक्षा काढली.

प्रक्षेपणात हे सगळं गेलं. सहाशे जणांनी पाहिलं. एकाने लिहिलं, 'सादगी दिल छू गई.'

उद्या चौथा मंगळवार, यंदाचा शेवटचा. त्यानिमित्त खास लेख हवा असं नरेंद्रजींनी कळवलं, म्हणून सकाळी अकरापासून बसलो आहे. आता दुपारचे चार झालेत. तिचं एक मला आठवतं: सोमवारी दुपारी ती तीन पातेल्यांत दूध कोमट करून विरजण लावायची, त्यावर झाकणं, झाकणांवर टॉवेल. प्रमाण मी पाहिलं नाही, टॉवेल पाहिला. दूध किती लागतं ते डेअरीवाल्याला माहीत असेल. हे मला सकाळीच सुचलं होतं. म्हटलं, आधी लेख पुरा करू.

लेखाला हिरवी खूण आली आहे. यंत्र म्हणतं, तो वाचायला सहा मिनिटं लागतात. ती तुम्ही दिलीत, आभारी आहे. हे वाचायला थांबलात म्हणजे तुम्हीही काही करायला निघाला होतात, ते काय होतं हे आता आठवत बसू नका. खाली जोडलेले हात ठेवा. मी ते मोजतो. दहाच मिनिटं थांबून बघतो किती येतात, मग पिशवी घेऊन निघतो. डेअरी पाचला बंद होते.

ता. क. सव्वापाच झाले. दूध आणलेलं नाही. विरजण लावलेलं नाही.