हे झालं सासरचं!

कुमुदताईंनी कुणाला कधी "कसे आहात?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. त्या विचारायच्या, "आईचं नाव काय?" समोरच्याने सांगितलं, की लगेच पुढचा बाण: "हे झालं सासरचं. मूळ नाव?" इथे भलेभले गार पडायचे. आमच्या आळीतल्या एका नवरदेवाला तर त्यांनी घोड्यावरून खाली वाकायला लावून हे विचारलं होतं. वरात अडली, पण नाव घेऊनच ताई बाजूला झाल्या.

सत्तरच्या दशकात त्या पुण्याची चांगली नोकरी सोडून पालघरच्या कॉलेजात मराठी शिकवायला आल्या आणि आमच्या शेजारच्या खोल्यांत राहू लागल्या. एकट्याच. पुणं सोडून इथे कशाला, हे आळीला न सुटलेलं कोडं होतं. जुन्या मासिकांतून लिहिणाऱ्या बायका हा त्यांचा अभ्यासाचा विषय. त्या बिचाऱ्या 'सौ. अमुक' नाहीतर 'एक भगिनी' अशी सही करून गेलेल्या; ताई त्यांची माहेरची नावं हुडकत आणि वाटेत लग्नातली गाणी गोळा करत एसटीने गावोगाव हिंडायच्या. एखाद्या विद्यार्थ्याने 'अज्ञात कवयित्री' असं लिहिलं, की त्याची धडगत नसे. "अज्ञात कसली? तुम्ही विचारलंच नाही!"

मी तेव्हा बोईसरला एका कारखान्यात होतो. कामगार बायकांची गाणी ऐकायला म्हणून ताई एकदा तिथेही थडकल्या. गेटवरच्या पहारेकऱ्याला त्यांनी मोठ्या प्रेमाने विचारायला सुरुवात केली, "तुम्हारी माँ का..." पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. "गाली मत देना, मॅडम!" म्हणत त्याने दंडुका उचलला. मी धावत गेलो म्हणून निभावलं. पुढे तोच मला रोज "मॅडम ठीक हैं ना?" विचारायचा.

माझ्या आईचीही सुटका झाली नाही. "रमाबाई," आई म्हणाली.

"हे झालं सासरचं."

आई पदराशी चाळा करत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "द्वारका."

वडिलांनी पेपर खाली घेतला. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'रमा' असं आपणच लिहिलं होतं, हे ते साफ विसरले होते. दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडून हाक यायला लागली, "द्वारका, चहा टाक!" आई लाजायची आणि चहात साखर जास्त पडायची. पुढेपुढे वडीलही 'द्वारका' म्हणून पाहू लागले. आईने त्यांना कधी ओ दिली नाही.

एकदा आईनेच उलट विचारलं, "ताई, तुमच्या आईचं नाव काय हो?"

ताईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "लक्ष्मी. पण हे झालं सासरचं. आमच्याकडे प्रत्येक सुनेचं नाव लक्ष्मीच ठेवायचे. मी तान्ही असताना ती गेली. तिच्या माहेरचंही कुणी उरलं नाही. इथल्या, पालघरजवळच्या शिरगावची होती, एवढंच ठाऊक आहे."

पुणं का सोडलं, ते त्या दिवशी कळलं. सवड मिळेल तेव्हा त्या शिरगावला जायच्या आणि दारोदार विचारून रिकाम्या परत यायच्या. साऱ्या जगाच्या आयांची नावं सापडली, ताईंच्याच आईचं तेवढं सापडेना.

अशी बरीच वर्षं गेली. ताईंचे केस पांढरे झाले. नव्वदनंतर कधीतरी कळलं, की त्यांच्या आईची एक बालमैत्रीण सफाळ्याला लेकीकडे होती, ती शिरगावला परत आली आहे. ताईंना मीच स्कूटरवर घेऊन गेलो. तिथल्या किल्ल्यामागे एका अंगणात म्हातारी सुके बोंबील राखत बसली होती. ताईंना बघताच म्हणाली, "नाक तिचंच हाय."

ताईंनी तिचे हात धरले. "नाव काय होतं तिचं?"

म्हातारीने खूप आठवून पाहिलं. "आमी तिला बायो म्हनायचो. सगल्या पोरींना बायोच म्हनायचे गो. दुसरं नाव व्हतं कायतरी... आता नाय आठवत."

ताईंना घेऊन घरी परतल्यावर मी सगळं आईला सांगितलं. आई उठली, ताटात तांदूळ पसरून आणले, बोटातली अंगठी काढून ताईंच्या हातात ठेवली.

"ताई, तुम्हीच लिहा एखादं छानसं नाव. तुमच्याइतका हक्क कुणाचा आहे?"

ताईंनी अंगठी तांदळांवर धरली. मग त्यांनी ती आईच्या बोटात परत घातली.

"नको गं. तिला न विचारता तिचं नाव एकदा बदललं गेलं, तेवढं पुरे."

त्यांनी डोळे पुसले आणि ताट आईकडे सरकवलं. "याचा भात टाक, द्वारका. आज मी इथेच जेवते."