शालनच्या डोळ्यांतला दुष्काळ

चैत्र लागला आणि माझ्या बायकोच्या डोळ्यांत दुष्काळ जाहीर झाला. शुक्रवारी आमच्या मुलीचं, ऋजुताचं लग्न होतं, म्हणून तलाठी गव्हाणे भाऊसाहेब सोमवारीच पाहणीला आले.

शालनला अंगणात खुर्चीवर बसवलं. भाऊसाहेबांनी तिची खालची पापणी बोटाने ओढली, आत डोकावले आणि म्हणाले, टिपूस नाही. कोतवालानेही डोकावून तेच सांगितलं. वाळू गेल्यासारखं खुपतं, असं शालन म्हणाली. ते त्यांनी 'जमीन रेताड' असं लिहून घेतलं.

कारण विचारलं तेव्हा मी गोळीचं सांगितलं. शालनला नैराश्याचा आजार आहे. गोळीने ती पुन्हा जेवायला, बोलायला, भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागली होती. पण काही जणांचे डोळे त्या गोळीने कोरडे पडतात, कधी आजारानेही पडतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. इथे भाऊसाहेब गोंधळले. आजाराने आटलं असेल तर ती नैसर्गिक आपत्ती. गोळीने आटलं असेल तर नियमात बसत नाही. नेमकं कशाने आटलं ते त्यांनी शालनला विचारलं, शालनने मला, आणि मी परत भाऊसाहेबांना. शेवटी चहा घेऊन ते तालुक्याला विचारायला गेले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच निरोप घेऊन आले. गोळी बंद करा, नाहीतर टँकर घ्या.

माझी थोरली बहीण, सुमनअक्का, लग्नासाठी आलेली होती. तिने लगेच गोळी बंद करायला सांगितली. पाठवणीला आई रडली नाही तर व्याही म्हणतील, सावत्र दिसते. डॉक्टरीणबाईंनी तर गोळी आपल्या मनाने सोडायची नाही असं बजावलं होतं. मला दोघींचंही पटत होतं, त्यामुळे काय करावं सुचेना. चार दिवसांचाच तर प्रश्न आहे, असं मी बोलून गेलो.

शालनने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती भाऊसाहेबांना म्हणाली, "गेल्या वर्षी इथं ओला दुष्काळ होता. रोज उशी वाळत घालत होते मी. तेव्हा कोण आलं होतं पंचनाम्याला?"

"तेव्हा तुमची तक्रार नव्हती, ताई."

"तक्रारीला आधी उठता यावं लागतं, भाऊसाहेब. गोळी चालू राहील. टँकर पाठवा."

शुक्रवारी पाठवणीच्या वेळी टँकर मागे मागे घेत मांडवाला लावला. कोतवाल 'येऊ द्या, येऊ द्या' करत होता. ड्रायव्हरने पाइप हातात धरून शालनच्या दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला. डोळे भरले, वाहू लागले. व्याह्यांनी समाधानाने माना डोलावल्या.

ऋजुता आईच्या गळ्यात पडली. मी अगदी जवळ उभा होतो.

"आई, हे तुझं की टँकरचं?"

"पाणी टँकरचं गं. रडतेय मी."

मी माझ्या डोळ्यांना हात लावून पाहिला, तर कोरडे.

टँकर आता एक दिवसाआड येतो. हळूहळू गल्लीही रांग लावायला लागली. कालपासून मीही उभा राहतो. मी कसलीच गोळी घेत नाही, तेव्हा माझं पाणी कशाने आटलं, ते भाऊसाहेब तालुक्याला विचारणार आहेत.