मोमीनसाहेबांची कुलूपबंद हवा

मोमीनसाहेब समोरच्या माणसाशी ओरडून बोलत आणि वायरलेसवर कुजबुजत. शेजारच्या टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर मागायचा असला तर त्यांचा आवाज पार ऊस टाकायच्या गव्हाणीपर्यंत जाई. तेच माईक हातात आला की असे काही पुटपुटत, की पलीकडचा माणूस "काय? काय म्हनले?" करत बसे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "अहो, तुम्ही समोर आहात, मला दिसता. वायरलेसवर कोण कोण कान लावून बसलंय ते मला दिसतं का?"

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात मी शेतकी खात्यात होतो, आणि वायरलेसचा मुख्य सेट माझ्या टेबलावर असे. कार्यक्षेत्रातल्या गावोगावी आमची गट ऑफिसं होती. त्यांना फोन नव्हते, वायरलेस होते. आज कोणाचा ऊस तोडायचा, कुठली ट्रॉली कुठे फसली, हे सगळं त्यावरून चाले. गंमत अशी, की एकाने बोललेलं सगळ्या गटांना ऐकू जाई. मोमीनसाहेब आमचे इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. कारखान्यातले सगळे काटे, मीटर आणि वायरलेस त्यांच्या ताब्यात.

त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चहा फिरत फिरत प्यायचे, मीटिंगला दारात उभे राहायचे, आणि तिथेही एक पाय बाहेर. कामगार त्यांना मागून भिंगरीसाहेब म्हणत. कॉलनीत एकटेच राहायचे. रविवारी सगळी कॉलनी जेवून झोपली की हा माणूस पाण्याच्या टाकीवर चढून एरियल हलवताना दिसे. लग्न झालेलं नसावं, असं आम्हीच आपसांत ठरवून टाकलं होतं.

एका हंगामात एक प्रकार घडला. आमच्या एका ड्रायव्हरच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. निरोप आला तेव्हा ड्रायव्हर वाटेत होता. कुणीतरी भाबडेपणाने वायरलेसवरून सांगितलं, "गेनू आला का सांगा, सोयरीक मोडली म्हनून." गेणू जाईल त्या गटात लोक त्याच्याकडे बघून गप्प होत होते. त्याला स्वतःला कळलं ते शेवटच्या गटात.

मला वाटलं, झालं ते वाईट झालं, पण झालं. मोमीनसाहेब मात्र दिवसभर माझ्या टेबलाभोवती घिरट्या घालत राहिले. खिशातल्या किल्ल्या खुळखुळवत एकच वाक्य: "हवा सगळ्यांची असते, भाऊसाहेब. बातमी नसते."

मग त्यांनी तो उद्योग काढला.

अकाउंट्सने टाकून दिलेले दोन कॉम्प्युटर त्यांनी स्टोअरमधून उचलून आणले. पुण्याहून कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली सीडी मिळवली. त्या सीडीवर लिनक्स होतं. आमच्या ऑफिसात तेव्हा विंडोजचं फार कौतुक होतं. त्यावर साहेबांचं मत असं: "नावातच खिडक्या! खिडकी म्हटली की कुणीतरी डोकावणारच." त्यांच्या लिनक्सला खिडकी नव्हती. काळा पडदा, पांढरी अक्षरं. त्यात ते असं काही टाइप करत, की बघणाऱ्याला वाटावं, माणूस कुणाशी तरी भांडतोय.

योजना त्यांनी मला ओरडून समजावली. इकडे एक कॉम्प्युटर, तिकडे टाकळीच्या गटात एक. दोन्हींना वायरलेस सेट जोडायचा, मधे मोडेमची डबी. इकडे टाइप केलेलं हवेतून जाऊन तिकडे पडद्यावर उमटेल. आणि वाटेत कुणी ऐकलंच तर त्याला नुसती खरखर. ज्याच्याकडे पासवर्ड, त्यालाच मजकूर.

"म्हणजे हवेला कुलूप," मी म्हणालो.

"हवेला नाही हो. निरोपाला!" एवढं म्हणून ते व्हरांड्याच्या टोकाला जाऊन परत आले.

पहिला अडथळा कर्नलचा. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात म्हणे, आणि तो वायरलेसला ओळखेना. साहेब सकाळी कॉम्प्युटर सुरू करून देत, दिवसभर ते यंत्र घरघरत बसे, आणि संध्याकाळी साहेब जाहीर करत, "आज पण कर्नल उठला नाही!" आमचा गेटवरचा वॉचमन फौजेतून निवृत्त झालेला. त्याने हे चारदा ऐकलं आणि एके सकाळी कडक इस्त्रीचा गणवेश, छातीवर पदकं, अशा थाटात हजर झाला. "साहेब, कर्नल कधी येनार ते आदी सांगत जावा. गेटवर सलामीला मानूस पायजे का न्हाई?"

शेवटी कर्नल उठला. टाकीवर अॅल्युमिनियमच्या नळ्यांचं एरियल चढलं. ते बघून चेअरमनांनी, "यावर क्रिकेट दिसतं का?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला, आणि साहेबांना रान मोकळं मिळालं.

टाकळीच्या गटात क्लार्क होता मच्छिंद्र साळवे. हसतमुख, गडबड्या, नवं काही आलं की हरखून जाणारा. कॉम्प्युटर आला त्या दिवशी त्याने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि रोज सकाळी उदबत्ती ओवाळायला लागला. राख कीबोर्डात पडू नये म्हणून साहेबांनी त्याला हात जोडले.

पासवर्ड सांगायला साहेब स्वतः टाकळीला गेले. मी सोबत होतो. मच्छिंद्रला ऑफिसबाहेर नेलं, उसाच्या बांधापर्यंत चालवलं, इकडेतिकडे बघितलं आणि त्याच्या कानात सांगितलं. मलाही कळू दिलं नाही. "कागदावर लिहायचं नाही. बायकोला सांगायचं नाही. झोपेत बोलायचं नाही."

"झोपंचं मी कसं सांगू, साहेब?" मच्छिंद्र काळजीत पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गट वायरलेसवर हजर असताना, भर वर्दळीत मच्छिंद्रचा खणखणीत आवाज आला:

"हॅलो, मोमीनसाहेब हायेत का? ह्ये कॉम्प्युटर आत घेईना! त्या कडुलिंबातला 'के' मोठा हाय का बारका?"

मग एका गटातून, "बारका लिहून बघ की रं!" दुसऱ्यातून, "कडू म्हनल्यावर मोठाच आसंल!" साहेबांनी कपाळावर हात मारला आणि ते जे बाहेर गेले, ते दुपारपर्यंत आले नाहीत. पुढे कितीतरी दिवस गटाचे लोक वायरलेसवर नमस्काराऐवजी 'कडुलिंब' म्हणत.

साहेबांनी पासवर्ड बदलला, आणि मग बदलतच राहिले. एकदा तर इतका अवघड ठेवला की त्यांनाच आठवेना. आपणच लावलेल्या कुलपाबाहेर ते दिवसभर येरझाऱ्या घालत होते. पण हळूहळू ते जमलं. टाकळीचे निरोप पडद्यावर यायला लागले. मच्छिंद्र शब्द चुकवायचा, पण उत्साहाने लिहायचा. मी साहेबांना म्हणालो, "एवढा खटाटोप केलात, आणि जातं काय? तर ट्रॉली पंक्चर."

"जाऊ द्या पंक्चर," ते म्हणाले. "रस्ता तर तयार झाला."

एका दुपारी फोन आला तेव्हा ते माझ्या टेबलाजवळच होते. नगरच्या दवाखान्यातून मच्छिंद्रचा मेव्हणा बोलत होता. मच्छिंद्रचे वडील तपासणीला म्हणून गेलेले. साधी तपासणी. तिथेच छातीत कळ आली आणि संपलं. "दाजींला लवकर पाठवा," एवढं बोलून तो रडायला लागला.

मी फोन ठेवला आणि सवयीने माईककडे हात नेला. मोमीनसाहेबांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की मला दुखलं.

"त्यावर नाही."

ते कॉम्प्युटरकडे गेले. मला वाटलं, हेच तर, याच्याचसाठी सगळं केलं होतं. निरोप ज्याचा त्यालाच. त्यांनी टाइप केलं. पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. मी मागे उभा होतो. शेवटी पडद्यावर उरलं ते एवढंच: मच्छिंद्र, कुठे जाऊ नकोस. मी येतोय. – मोमीन.

"चला," ते म्हणाले. "जीप मागून पाठवा म्हणावं, त्याला नगरला न्यायला."

आम्ही त्यांच्या स्कूटरवर निघालो. टाकळीला पोचलो तर मच्छिंद्र ऑफिसच्या पायरीवर उभा. आम्हाला बघून त्याचा चेहरा फुलला.

"साहेब, मेसेज आला! एक बी अक्षर चुकलं न्हाई! लई झ्याक लागतीय आता लाइन!"

साहेब स्कूटर लावून त्याच्याजवळ गेले. "आत चल," म्हणाले. आवाज इतका हळू की मला जेमतेम ऐकू आला. मी बाहेरच थांबलो. दार लोटलं गेलं. मग मच्छिंद्रचा हंबरडा.

जीप येईपर्यंत साहेब त्याच्याशेजारी बाकावर बसून होते, त्याचा हात हातात धरून. जीपमध्येही त्यांनीच त्याला बसवलं, त्याच्या चपला उचलून पायाशी ठेवल्या.

परतताना ते वाटेतल्या एका हॉटेलपाशी थांबले. चहा आला. ते बाकड्यावर बसले आणि कपाकडे बघत बोलायला लागले.

"मी आधी भंडारदऱ्याकडे होतो, वायरलेसच्याच कामावर. खांबावर चढलो होतो एरियल बसवायला. तिकडे नाशिकला बायको बाळंतपणाला गेलेली. निरोप आला तो उघड्या सेटवर. खाली उभ्या सगळ्यांनी ऐकला. मी वर. मी वरून ओरडत होतो, सिग्नल येतोय का? खालून म्हणत होते, येतोय साहेब, येतोय. कुणाची हिंमत झाली नाही. मी एरियल इकडे फिरवतोय, तिकडे फिरवतोय, नीट लागलं म्हणून खूश होतोय. खाली एकजण रडत होता. मला वाटलं, डोळ्यात काही गेलं असेल."

"आणि मूल?" मी विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

रस्त्याने उसाची एक ट्रॉली गेली. तिचा आवाज लांब गेला.

"वहिनींचं नाव काय होतं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हा प्रश्न कुणी विचारेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"शमीम," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "गाणं फार वाईट म्हणायची. पण सारखी म्हणायची." आणि हॉटेलवाल्याला त्यांनी आणखी दोन चहा सांगितले.