मागच्या चाकाचे गणित

मोटारीत कोणी कुठे बसायचे हे गणूगुरुजी मानावरून नव्हे, वजनावरून ठरवत. नसरापूर ते वेल्हे ही सर्व्हिस मोटार तेव्हा मी चालवत असे आणि वेल्ह्याच्या शाळेतले हे मास्तर दर सोमवारी तिने जात.

“पाटलीणबाई, तुमी मागं, चाकावर बसा.”

“गुरुजी, चारचौघांत माझं वजन काढता व्हय?”

“वजन न्हाई, पकड काढतो. इंजिन कितीबी गुरगुरू दे, ढकलतं मागचं चाक. त्याच्यावर भार नसला की जागीच फिरतंय.”

बाई हसत मागे सरकत. गुरुजी लग्नाला गेले तरी वऱ्हाडातले जाडे तेवढे मोजतात, असे लोक म्हणत.

मार्गासनीच्या सपाटीवर त्यांनी एकदा दोराला गवत तोलायचा काटा अडकवून चार गड्यांकडून माझी मोटार ओढून घेतली होती. काटा दाखवेल तो सपाटीचा जोर. त्यात चढाचा मिळवायचा. मागच्या चाकाची पकड त्याहून जास्त हवी. एवढे त्यांचे शास्त्र. “आज चौदा चढतील, पंधरावा चालत,” म्हणाले की पंधरावा मुकाट्याने उतरे. आकडा कधी चुकला नव्हता.

एका पावसाळ्यात खुद्द मालक मोटारीत होते. ओला चढ पाहून म्हणाले, “चढंल का?”

“चौदा हायेत, चढंल. न्हाई चढली तर पुन्हा आकडा सांगणार न्हाई.”

अर्ध्या चढावर चाक चिखलात जागीच फिरू लागले. सगळ्यांनी उतरून मोटार ढकलत वर नेली. मालक म्हणाले, “मास्तर, पोरांना बाराखडीच शिकवा.” लोक हसले. मीही हसलो.

खरे आज सांगतो. माझ्या शेजारी घोंगडीखाली मेव्हण्याची मिठाची तीन पोती होती. मालकांची मालाला मनाई. कळले असते तर नोकरी गेली असती. ओझे वाढले, पण पडले पुढच्या चाकांवर. मागच्याला पकड मिळाली नाही.

त्यानंतर पाटलीणबाईंनी “गुरुजी, कुठं बसू?” विचारले, तरी ते खिडकीबाहेर बघत म्हणत, “बसा कुठंबी.”

वर्षभराने न राहवून मी त्यांना पोत्यांचे सांगितले.

“ठाऊक हाय. ढकलायला उतरलो तवाच पुढच्या चाकांवरच्या कमानी दबलेल्या दिसल्या.”

“मग मालकांपुढं बोलला का न्हाई?”

“बायको बाळंतपणाला माहेरी गेलीया, असं तूच त्या सकाळी सांगत हुतास. त्या दिवसांत तुझी नोकरी घालवू?”

मग त्यांनीच हळूच विचारले, “पोती किती हुती म्हणालास?”

“तीन.”

त्यांनी तळहातावर बोटाने बराच वेळ आकडे मांडले. मग चेहरा एकदम मोकळा झाला.

“मग बरोबर हाय. चढलीच नसती.”