चिलखतातला यजमान

"बस बरं खाली," ल्युबिंका म्हणाली.

"बसता येत नाहीये," व्लास्टिमिर म्हणाला.

सकाळी सकाळी तिचा नवरा पोलादी चिलखत घालून लाकडांच्या खोपटावरून अंगणात उडी मारून मोकळा झाला होता. उडी जमली. फक्त गुडघ्यांवरच्या वाट्या चेपल्या आणि पाय दुमडेनासे झाले. पाठीवरची बकलंही वाकडी होऊन बसली.

व्लास्टिमिर ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायचा. जे आपल्या अंगाने केलं नाही ते लिहायचं नाही, हा त्याचा हट्ट. एका प्रकरणासाठी तो जॉर्जियात जाऊन घोड्यावरून नदी उतरला, दुसऱ्यासाठी पोलंडात तलवार शिकून दोन बरगड्या मोडून आला. आता नव्या कादंबरीतला कप्तान स्मेदेरेवोच्या किल्ल्याच्या तटावर रात्रभर चिलखतात उभा राहून पहारा देत होता, आणि प्रकाशिका स्तानिस्लावाबाईंनी ते अख्खं प्रकरणच उडवायचं ठरवलं होतं. "रात्रभर उभा? माणूस आहे का कपाट?" असं त्यांनी फोनवर विचारलं होतं. पुस्तक उद्या छापायला जाणार होतं. पुस्तकातलं त्याचं सगळ्यात लाडकं प्रकरण होतं ते.

"लोहाराला बोलव," ल्युबिंका म्हणाली.

"आज? आज त्याच्याकडेही स्लावा आहे."

खरंच होतं. स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा सण, आणि आज संत निकोलसचा दिवस. अर्ध्या गावातल्या घराण्यांचा हाच संत, त्यामुळे अर्धं गाव यजमान आणि उरलेलं पाहुणं. स्लावाला आमंत्रण नसतं, ज्याला यायचं तो येतोच. म्हणजे नाही म्हणायचीही सोय नाही.

ल्युबिंकाने कात्री आणली. "पट्टे कापते."

"हात लावू नकोस! स्तानिस्लावाबाई संध्याकाळी येतील. तोवर उभा राहून दाखवतो. मग बघू कपाट कोण ते."

"तुझ्यापुढे ना, डोकं आपटायचं फक्त बाकी राहिलंय," असं म्हणत तिने सासऱ्यांचा मेंढीच्या कातड्याचा लांब झगा त्याच्यावर चढवला आणि चुलीवरच्या माशांकडे धावली.

पहिले आले तिचे वडील, ओब्राद. जावयाच्या गालांचे तीन मुके घेत त्यांनी त्याला मिठी मारली आणि दचकले. "काय रे, छाती आहे का भिंत?"

"व्यायाम, बाबा."

ओब्रादना हा जावई कधी पटला नव्हता. स्लावाच्या दिवशी यजमानाने बसायचं नसतं, उभं राहून पाहुण्यांना वाढायचं असतं. हा दिवटा दरवर्षी सगळ्यांआधी बसून कार्प मासा हाणायचा. आज मात्र तो हलत नव्हता. पाहुणे आले, उकडलेल्या गव्हाचा गोड प्रसाद खाल्ला, माशाचं कालवण संपलं, तरी हा उभाच.

"बस ना रे जरा," एक शेजारी म्हणाला.

"आज नाही."

"घोटभर राकिया तरी घे."

"नको." चिलखतात नैसर्गिक विधींची सोय नव्हती, हे त्याच्या पहिल्याच प्याल्यानंतर लक्षात आलं होतं.

"उभा राहतो, पीतही नाही!" ओब्राद म्हणाले. "माझे आजोबा असेच उभे राहायचे. पोरी, मी तुझ्या नवऱ्याला ओळखलंच नाही गं!"

ल्युबिंकाने हसू दाबायला तोंडात टॉवेल कोंबला.

संध्याकाळी स्तानिस्लावाबाई आल्या. व्लास्टिमिर विजयी चेहऱ्याने त्यांना वाइन द्यायला पुढे सरकला, आणि झग्याचं टोक दाराच्या कडीत अडकलं. झगा गळून पडला. मेजावरचे सगळे चमचे थांबले.

"सकाळपासून?" बाईंनी विचारलं.

"सकाळपासून," ल्युबिंका म्हणाली. "खोटं वाटत असेल तर यांना विचारा."

जावई का बसत नव्हता ते ओब्रादना आत्ता कळलं. त्यांचा चेहरा पडला होता, आणि तो पाहून व्लास्टिमिरला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली.

"बरं, हरले मी," बाई म्हणाल्या. "प्रकरण राहील. शब्दही कापत नाही."

या वाक्यासाठीच तर तो दिवसभर ताटकळला होता. त्याने मात्र सासऱ्यांकडे पाहिलं.

"कापा," तो म्हणाला.

"काय?"

"तटावर उभा राहून माझा कप्तान पानंच्या पानं मातृभूमीचा विचार करतो. मला सकाळपासून मातृभूमी एकदाही आठवली नाही हो. नुसती पाठ खाजत होती! सगळं खोटं आहे ते. एवढंच ठेवा: कप्तान रात्रभर उभा होता, आणि त्याची पाठ खाजत होती."

बाई हसून हसून खुर्चीत कोसळल्या. ओब्राद उठले, सुरी घेऊन जावयाच्या मागे गेले आणि एकेक पट्टा कापू लागले. शेवटचा पट्टा तुटल्यावर त्यांनी आत हात घालून त्याची पाठ खसाखसा खाजवून दिली. व्लास्टिमिरच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पोरी," ओब्राद म्हणाले, "हे लोखंड भंगारात देऊ नकोस. नवे पट्टे मी लावून देतो. पुढच्या स्लावाला घालायचंय याला."