झाडावरचे सोनटक्केकाका

सोनटक्केकाका दारात आलेल्या माणसाला आधी हुंगतात. मग 'ये' म्हणतात.

पेनसिल्व्हेनियात धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायचा मोसम ऑक्टोबरात सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या मध्यावर संपतो. तेवढ्या दिवसांत या हुंगण्यातून कुणाची सुटका नसते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्याजवळ नाक आणलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, "मोहरी, हिंग. केसांना खोबरेल. पोरी, तू शिकारीला आलीयेस की केळवणाला?"

मी काहीच बोलले नाही. मी बहुतेक वेळा बोलत नाही. सगळं शिक्षण इंग्लिश मीडियममधून झाल्यामुळे मराठीत योग्य शब्द सापडेपर्यंत समोरचे पुढच्या विषयावर गेलेले असतात. त्यामुळे लोक मला शिष्ट समजतात. काकांना मात्र त्यात गुण दिसला. आमच्या स्टेट कॉलेज गावातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. जेवणं झाली, गाणी झाली, तरी तिथेच. काका प्रसादाची वाटी घेऊन समोर आले आणि ओळखपाळख न करता म्हणाले, "मघापासून बघतोय. हलली नाहीस, बोलली नाहीस, साधी शिंकलीही नाहीस. कधी धनुष्य धरलंयस?"

माझ्या गप्प बसण्याचं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. मी हो म्हणून टाकलं.

काका मूळचे चंद्रपूरचे. इथल्या युनिव्हर्सिटीत धातूंना गंज का चढतो हे शिकवतात. "गंज पोटासाठी, धनुष्य जिवासाठी," असं कुणी न विचारताच सांगतात. स्वतः हल्ली बाण सोडत नाहीत. "माझी झाली. आता तुमची." नवशिक्याला हाताला धरून त्याच्या पहिल्या हरणापर्यंत नेऊन पोचवायचं, हा त्यांचा छंद. त्यांच्या गॅरेजमधल्या फ्रीजवर फोटो चिकटवलेले आहेत. प्रत्येकात एक हरीण आणि एक थकलेला, हसरा चेहरा. सगळ्यांत वर त्यांची मुलगी अश्विनी, सतरा वर्षांची. ती आता पार पश्चिम किनाऱ्यावर, क्युपर्टिनोला असते. त्या फ्रीजवर आपलाही फोटो असावा असं मला फार वाटायला लागलं. मी हे कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या कुठल्या गोष्टीची एवढी ओढ मला त्या वर्षांत नव्हती.

शिकारीच्या लायसन्सचा कोर्स झाला आणि शिकवणी सुरू झाली. मागच्या अंगणात फोमचं एक हरीण उभं होतं. त्याचं नाव बंडोपंत. थंडी पडली की काकू त्याला जुनी माकडटोपी घालत. बाण खांद्याच्या मागे नीट लागला तर काका म्हणायचे, "बंडोपंत सुखाने गेले." जरा मागे लागला की त्यांचा चेहरा पडायचा. "पोटात लागला. आता हा बिचारा तासन् तास तळमळणार. खात्री नसेल तर बाण सोडायचा नाही. हरणाला घाई नाही, तुला कसली?"

वासाचे नियम वेगळेच, कारण हरणाला माणसाचा वास लांबूनच लागतो. गुरुवारपासून फोडणी बंद. माझ्या रूममेटला ते मान्य नव्हतं ("यार, तुझ्या हरणासाठी मी उकडलेली डाळ खाऊ?"), त्यामुळे माझं जॅकेट काकांच्या गॅरेजमध्ये, वाळक्या पानांनी भरलेल्या पिशवीत राहायला गेलं. वारा कुठून येतो हे बघायला काकांच्या खिशात तांदळाच्या पिठीची डबी असे. चिमूटभर पिठी हवेत सोडायची आणि ती उडेल तिकडे बघत राहायचं. काकू म्हणत, "घावनांना पिठी शिल्लक नाही, आणि हे जंगलाला पावडर लावून आले."

शनिवारी पहाटे आम्ही एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात जायचो. ओकच्या झाडाला शिडी आणि वर दोघांपुरतं लोखंडी बाकडं. पट्ट्याने स्वतःला झाडाला बांधून घ्यायचं आणि गप्प बसायचं.

मी गप्प बसायचे. काका कुजबुजायचे. डीनने त्यांचा प्रोजेक्ट कसा कॅन्सल केला, चंद्रपूरचं ऊन, अश्विनीचा पहिला शब्द, खारींचे स्वभाव. जगाला गप्प बसायला शिकवणाऱ्या या माणसाला स्वतःला ते घटकाभरही जमत नव्हतं. मला मात्र ते ऐकायला आवडायचं. उत्तर द्यावं लागत नसे.

हरीण दिसलं की काकांची कुजबुज आपोआप थांबायची. मी हळूच उठायचे, धनुष्य ओढायचे, आणि अगदी त्या क्षणी काका खाकरायचे.

"ख्रॅहं!"

हरणाची पांढरी शेपटी वर व्हायची आणि रान रिकामं.

"ही इथली हवा," काका गळा चोळत म्हणायचे. "फार कोरडी."

पहिल्यांदा मी मान्य केलं. दुसऱ्यांदाही केलं. पण न बोलणाऱ्या माणसाला बघण्याखेरीज दुसरं काम नसतं. हरीण लांबून जायचं तेव्हा काकांचा गळा ठीक असे. खारी, टर्की, कोल्हा, कशालाच तो खवखवत नसे. हवा कोरडी व्हायची ती फक्त माझी दोरी ताणली गेल्यावर.

एका शनिवारी काका गॅरेजमध्ये शिडीचे पट्टे गुंडाळत होते आणि काकू मला पोहे वाढत होत्या. मी त्या फोटोंबद्दल विचारलं. ही सगळी मंडळी आता कुठे असतात?

"कुणी जर्सी सिटी, कुणी टेक्सास. एक तर अजून इथेच आहे, चार गल्ल्या सोडून," काकू म्हणाल्या. "पण पहिलं हरीण मिळालं की पोरं येत नाहीत गं. का येतील? काम झालेलं असतं. अश्विनीचंही तसंच. हरीण मिळालं, पुढच्या वर्षी कॉलेजला गेली. आता रविवारी फोन येतो. माझ्याशी बोलते. ह्यांच्याशी 'हाय बाबा'." मग त्यांनी माझ्या पोह्यांवर आणखी थोडं खोबरं घातलं. "ह्यांचं एवढं सगळं ऐकून घेणारी तू पहिलीच."

पुढच्या शनिवारी एक मादी सरळ आमच्या झाडाखाली आली. माझ्याकडे मादी मारायचा वेगळा परवाना होता. मी दोरी ओढली. काका खाकरले.

मला राग आला, आणि रागाबरोबर रडूही. ते दाखवायचं नव्हतं म्हणून परत येताना मी गाडीच्या खिडकीबाहेर बघत राहिले. घर जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "काका, मला नाही जमणार बहुतेक."

काका नेहमीसारखे 'जमेल गं' म्हणाले नाहीत. त्यांनी गाडी थांबवली आणि बराच वेळ स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

मोसमाच्या शेवटच्या शनिवारी ते दारात आले ते गळ्याला मफलर आणि गालात ज्येष्ठमध घेऊन. मला हुंगलं, मान डोलावली, आणि त्यानंतर एक शब्द नाही. गाडीत नाही, झाडावर नाही. उजाडलं, खारी उतरल्या, आपापले स्वभाव दाखवून गेल्या. काका गप्प. इतक्या शांततेची मला सवय नव्हती. चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

मग पानं वाजली. एकटी मादी, थबकत, हुंगत आली आणि आडवी उभी राहिली. मी दोरी ओढली. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला काका दिसले. दोन्ही हातांनी मफलर तोंडावर दाबून धरलेला, मान लालबुंद, डोळ्यांतून पाणी.

मी बाण सोडला. मादी थोडी धावली आणि पडली. बंडोपंतांसारखी, सुखाने.

काकांनी मफलर काढला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "झालं. सुटलीस." फोटो त्यांनीच काढला. त्यात त्यांचा अंगठा आलाय. परतताना मात्र ते काहीच बोलले नाहीत, आणि तेव्हा तर खोकला दाबायचं काही कारणही नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी नेहमीच्या वेळेला त्यांची बेल वाजवली. आदल्या दिवशी मी फोडणीची आमटी करून पोटभर खाल्ली होती आणि केसांना खोबरेल थापलं होतं.

दार उघडलं. काका घरच्या लेंग्यावर होते. सवयीने नाक पुढे आलं. "मोहरी. हिंग. खोबरेल." ते गोंधळले. "पोरी, सीझन संपला."

"माहितीये."

"हरीण मिळालं तुला."

"हो."

"मग आता काय राहिलंय?"

वाक्य मी वाटेत जुळवून ठेवलं होतं, म्हणून वेळेवर आलं. "वेळेवर खाकरायचं कसं, ते शिकायचं राहिलंय."

आत स्वयंपाकघरात काकूंच्या हातून झारा पडला आणि त्या मोठ्याने हसल्या. काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना शब्द सापडत नव्हता. ती अडचण मला चांगली ठाऊक आहे. मी घाई केली नाही.

मग काका खाकरले. या वेळी समोर हरीण नव्हतं.