बंद दारापुढची रांग

दुसऱ्या मजल्यावरच्या फायर डोअरला टेकवलेलं कांद्याचं पोतं अजिनाथने ओढून काढलं. दार सुटलं आणि आपोआप, शहाण्या मुलासारखं हळूहळू बंद झालं.

"अरं अरं, उघड ते!" मुक्ताकाकू पॅसेजच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडतच आल्या. "दिवेलागणीला दार लावून बसतंय व्हय कुनी? लक्ष्मी यायची येळ हाय!"

मुक्ताकाकू म्हणजे मालकीणबाई. काष्टीहून शिर्डीला येऊन त्यांनी तीन मजली हॉटेल उभं केलं, पण येताना घरचे सगळे नियम गाठोड्यात बांधून आणले. त्यातला पहिला नियम, तिन्हीसांजेला दार उघडं पाहिजे. त्यामुळे दर मजल्याच्या फायर डोअरला एकेक राखणदार नेमला होता. पहिल्या मजल्यावर पाटा, दुसऱ्यावर कांद्याचं पोतं, तिसऱ्यावर बंद पडलेला मिक्सर.

"काकू, समजून घ्या," अजिनाथ म्हणाला. "खाली कुठं पेटलंच, तर हे दार दोन तास आग अडवतंय. धूर जिन्यात शिरत न्हाई, मान्सं जिन्यानं खाली उतरत्यात. पन दार बंद आसंल तरच."

"आन लक्ष्मीनं दोन तास जिन्यात उभं ऱ्हायचं?"

यावर अग्निशमनाच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नव्हतं. पण उद्या, एकोणतीस डिसेंबरला संध्याकाळी तपासणी होती. आगीचा दाखला मिळाला नाही तर हॉटेलला कुलूप, तेही एकतीस तारखेच्या तोंडावर, सगळ्या खोल्या भरलेल्या असताना. अजिनाथला मॅनेजर होऊन तीनच महिने झाले होते. जानेवारीत त्याचं लग्न होतं, आणि मुलीच्या वडिलांनी 'मॅनेजर' हा एकच शब्द ऐकून होकार दिला होता. काकूंनीही त्याला स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "दाखला न्हाई आला, तर तू आपला काष्टीच्या बाजारात जाऊन बैलांचा मॅनेजर हो."

बऱ्याच घासाघिशीनंतर तह झाला. दारं बंद राहतील, पण काकूंच्या अटीवर.

"बंद दार बोडकं नगं. हार घालायचा. कुकवाचं सातियं काढायचं. आन म्होरं उदबत्ती लावायची."

"उदबत्ती? काकू, हे आग अडवायचं दार हाय!"

"बरं, उदबत्ती ऱ्हाऊ दे," काकू मोठ्या मनाने म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अजिनाथ पायाला भिंगरी लावून फिरला. पाटा, पोतं आणि मिक्सर त्याने स्वतःच्या केबिनमध्ये कोंडले. तीनही दारांवर 'हे दार कायम बंद ठेवावे' अशा लाल पाट्या लावल्या. रोषणाईवाल्याने दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या भिंतीला वायरसाठी भलंमोठं भोक पाडून ठेवलं होतं. ते आग अडवणाऱ्या मसाल्याने बुजवायला त्याने गोरक्षला सांगितलं. गोरक्ष हॉटेलचा आचारी. मसाल्याचं काम म्हटल्यावर त्याला ते आपल्याच खात्यातलं वाटलं.

तपासणीला यशोधरा मॅडम आल्या. गंभीर चेहरा, हातात फाईल, गळ्यात स्टॉपवॉच. अजिनाथ त्यांना जिन्याने वर घेऊन निघाला. पहिल्या मजल्याचं दार बंद. मॅडमनी ते उघडून सोडलं, आपोआप मिटलं. फाईलवर बरोबरची खूण झाली. अजिनाथला मुंडावळ्या दिसू लागल्या.

दुसऱ्या मजल्याशी मॅडम थबकल्या. त्यांनी बुजवलेल्या भोकात बोट घातलं. बोट सहज आत गेलं.

"हे काय आहे?"

"मसाला, मॅडम. आग अडवायचा."

मॅडमनी बोट नाकाशी नेलं. "ही कणीक आहे. मीठ घालून मळलेली."

अजिनाथने जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून हाक मारली, "गोरक्षऽऽ!"

"तेलाचं मोहन पन घातलंया," खालून अभिमानाने उत्तर आलं. "वाळली की दगुड व्हतीया!"

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून अजिनाथ म्हणाला, "मॅडम, निदान दार तर बघा," आणि त्याने दुसऱ्या मजल्याचं फायर डोअर ओढून उघडलं.

दारापलीकडे पॅसेजभर रांग उभी होती.

झालं होतं असं. परभणीकडून आलेला पन्नास-साठ जणांचा जथा या मजल्यावर उतरला होता. त्यांच्या म्होरक्या भागिरथीबाई खोलीतून बाहेर आल्या आणि त्यांना दिसलं एक जाडजूड बंद दार. दारावर झेंडूचा हार, कुंकवाचं स्वस्तिक, लाल पाटी. चष्मा खोलीत राहिल्यामुळे पाटीवरचा मजकूर त्यांनी मनानेच ठरवला. शिर्डीत आलेला माणूस हार घातलेलं बंद दार पाहून कधीही माघारी फिरत नाही. बाईंनी चपला काढल्या, हात जोडले आणि उभ्या राहिल्या. त्या उभ्या म्हणून जाऊबाई उभ्या, जाऊबाई उभ्या म्हणून सगळं गाव उभं. "कशाची रांग हाय?" असं मागून कुणी विचारलं, की पुढून उत्तर येई, "उघडल्यावर कळंल. ढकलू नका."

आणि आता दार उघडलं होतं.

"उघडलं! चला, एकेक जन!" भागिरथीबाईंनी आवाज दिला.

रांग सरकली. माणूस दारातून बाहेर पडे, भिंतीवरच्या हिरव्या बाणाकडे श्रद्धेने बघे, त्याला नमस्कार करी आणि तो दाखवेल तसा जिना उतरे. धक्का नाही, रेटा नाही, कुणाच्या हातात सामान नाही. यशोधरा मॅडमचं बोट नकळत स्टॉपवॉचवर गेलं. शेवटच्या आजोबांच्या पाठीमागे दार आपोआप मिटलं.

खाली अंगणात, दारं बंद म्हणून रुसलेल्या मुक्ताकाकू तुळशीपुढे एकट्याच दिवा लावत होत्या. मागे वळून बघतात तो अख्खा मजला हात जोडून उभा. काकू गांगरल्या, पण आल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवतील तर त्या काकू कसल्या! त्यांनी साखर-खोबरं वाटायला सुरुवात केली. दर्शन झालं, प्रसाद मिळाला, जथा तृप्त झाला.

"बावन्न माणसं, दोन मिनिटं दहा सेकंद," मॅडम स्टॉपवॉच पुन्हा पुन्हा बघत म्हणाल्या. "आणि शिस्त! मी इतकी मॉक ड्रिल बघितली, लोक पाकीट शोधायला परत जातात. हे कसं जमवलं तुम्ही?"

"सवय लावायला लागती मॅडम," अजिनाथ म्हणाला. खोटं बोलल्याबद्दल त्याने मनातल्या मनात कान धरले.

"कणीक काढा आणि रात्रीतून नीट मसाला भरा. उद्या सकाळी दहाला वरिष्ठ साहेबांना घेऊन येते. हेच ड्रिल त्यांना दाखवा, दाखल्यावर तिथेच सही होईल."

अजिनाथने आनंदाने मान हलवली. परभणीची गाडी पहाटेच सुटणार आहे, हे त्याला मॅडम गेल्यावर आठवलं.

सकाळी नऊला भोक पक्क्या मसाल्याने बुजलं होतं. दुसऱ्या मजल्यावर नव्या पाहुण्यांची ये-जा सुरू होती, पण सगळे आपापल्या घाईत. अजिनाथ दाराला पाठ लावून मटकन खाली बसला.

"काकू, मी बैलांकडंच जातो. मान्सं कुठनं आनू?"

"येडा का खुळा तू?" काकूंनी चपला काढून बाजूला ठेवल्या. "मान्सं आनायची नसत्यात. ऊठ. दाराकडं तोंड कर. हात जोड. मी तुझ्यामागं उभी ऱ्हाते. बोलायचं न्हाई आन हलायचं न्हाई."

अजिनाथ उभा राहिला. एक मिनिट गेलं. मागे कुणीतरी खाकरलं. मग एक लहान मूल, "आई, इथं काय आहे?" आणि आईचं "श्श, हात जोड." चपला निघाल्याचे आवाज येऊ लागले. पाच मिनिटांनी काकूंनी त्याच्या पाठीत हळूच कोपर मारलं, म्हणजे रांग वळणापलीकडे गेली. आपल्या मालकिणीबद्दल त्याच्या मनात एवढा आदर याआधी कधी दाटून आला नव्हता.

दहाला फोन वाजला. "मी अंगणात उभी आहे," मॅडम म्हणाल्या. "साहेब केव्हाच वर गेलेत. भेटले ना?"

"न्हाई अजून."

"मग सुरू करा. मी वेळ लावते."

अजिनाथने दार ढकललं आणि काकू सगळ्यांच्या आधी खाली उतरल्या. रांग बाणाच्या इशाऱ्याने जिना उतरून तुळशीपाशी आली, आणि एकेकाच्या तळहातावर साखर-खोबरं पडू लागलं. सत्ताविसाव्या हातावर प्रसाद ठेवताना काकूंना खाकी बाही दिसली. दुसऱ्या हातात बूट होते, बुटांत मोजे नीट घड्या करून ठेवलेले.

"साहेब!" यशोधरा मॅडम उडाल्याच. "तुम्ही रांगेत?"

"वर गेलो तर लावलेलीच होती," साहेब म्हणाले. "मधे घुसणं बरं दिसत नाही."

मॅडमनी वेळ दाखवली, कालच्यापेक्षा वीस सेकंद कमी. भोकाचा मसाला त्यांनी साहेबांसमोर ठोकून बघितला, पक्का निघाला. साहेबांनी तुळशीच्या कट्ट्यावर फाईल टेकवून सही केली, शिक्का मारला आणि दाखला अजिनाथच्या हातात दिला. अजिनाथचे डोळे भरून आले.

साहेब बूट चढवायला कट्ट्यावर बसले. इकडेतिकडे पाहून त्यांनी अजिनाथला जवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "काम झालं तुमचं. पण मला सांगा, दर्शनाचं दार कधी उघडणार?"